जीवसुता : नाशिकच्या लेण्यातली राजमाता

नाशिकची पांडवलेणी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असतील. पायऱ्या चढून दम लागतो, तीन क्रमांकाच्या लेण्यासमोर आपण जरा टेकतो, फोटो काढतो आणि उतरतो. आम्हीही तरुणपणी तेच केलं. व्हरांड्यातल्या भिंतींवरची ब्राह्मी अक्षरं म्हणजे गौतमी बलश्री या सातवाहन राणीचं जवळजवळ सगळं उपलब्ध चरित्र आहे, हे फार उशिरा उमगलं.

यातले दोन लेख आज शेजारी ठेवून पाहू. पहिला गौतमीपुत्र सातकर्णीच्या राज्यवर्ष 24 मधला. मजकूर अगदी कचेरीतला आहे. गोवर्धनच्या अमात्याला कळवलंय की भिक्षूंना पूर्वी दिलेलं कखडी गावचं शेत कुणी कसत नाही, गावही ओस आहे, तेव्हा नगराच्या सीमेवरची आमची 100 निवर्तनं जमीन त्यांना द्या. (सरकारी दान मिळालं आणि उपयोगी पडलं नाही, ही तक्रार तेव्हाही होती बघा!) पण हा हुकूम राजाच्या एकट्याच्या नावे निघत नाही. सोबत राजमाता आहे, आणि तिला विशेषण लावलंय ‘जीवसुता’, म्हणजे जिचा मुलगा जिवंत आहे ती. आता राजा स्वतः आज्ञा देतोय, तर तो जिवंत आहे हे वेगळं सांगायची गरज काय? काही अभ्यासकांना वाटतं, राजा आजारी असावा. आम्हाला ते पटतं. ज्या घरात दुखणं असतं तिथेच असले शब्द उच्चारले जातात.

दुसरा लेख तिच्या नातवाच्या, म्हणजे पुळुमावीच्या राज्यवर्ष 19 मधला. इथे बलश्री स्वतःला महाराजाची माता आणि महाराजाची आजी म्हणवते. ‘जीवसुता’ हा शब्द आता नाही. लेणं पूर्ण झालंय आणि ती ते भदायनीय भिक्षुसंघाला देते आहे. दानलेखाला दोनचार ओळी पुरल्या असत्या. पण बाई बोलायला लागते ती मुलाबद्दल, आणि थांबतच नाही. त्याचा चेहरा, त्याची चाल, त्याचे बाहू, तीन समुद्रांचं पाणी प्यालेले त्याचे घोडे. असिक, अश्मक, मूळकापासून विदर्भ, आकरावंतीपर्यंतचे देश. आणि या सगळ्यात एक गुण हळूच येतो, तो म्हणजे आईची सेवा कधी न चुकवणारा. हे लिहवून घेणारी स्वतः आईच!

मग प्रश्न पडतो, आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना तर पडतोच : आईच्या साक्षीवर इतिहास उभा करायचा का? याच लेखात तो अपराधी शत्रूचाही जीव घ्यायला नाखूश आहे, आणि थोड्याच अंतरावर खखरातवंश निःशेष करणाराही आहे. दोन्ही एकदम कसं? तिला त्यात विसंगती दिसली नसावी. चार वर्णांचा संकर थांबवल्याचं कौतुकही आहे, आणि दान मात्र बौद्ध भिक्षूंना. आपल्या आजच्या चौकटींत ही बाई बसत नाही.

तरी तिचं म्हणणं निव्वळ माया म्हणून सोडता येत नाही. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला 13 हजारांवर चांदीची नाणी सापडली. सगळी खखरात म्हणजे क्षहरात नहपानाची, आणि त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. शत्रूच्या चेहऱ्यावर मुलाचं नाव! आईचा शब्द इथे धातूत सापडतो.

आणखी एक गोष्ट. ‘गौतमीपुत्र’ हे नाव दिसलं की लोक लगेच मातृसत्ता म्हणून मोकळे होतात. तसं नाही, राज्य बापाकडून मुलाकडेच जात होतं. पण गंमत अशी की या लांबलचक लेखात बलश्री नवऱ्याचं नावसुद्धा घेत नाही. राजर्षिवधू या पदवीला शोभेलशी वागणारी, एवढंच स्वतःबद्दल. सत्य, दान, क्षमा, अहिंसा यांत रमणारी, तप आणि उपवास करणारी.

लेखाच्या शेवटी नातू येतो. आजीची सेवा करावी, तिला आनंद व्हावा म्हणून तो या लेण्यासाठी त्रिरश्मी डोंगरालगतचं पिसाजिपदक गाव देतो, आणि त्याचं पुण्य आपल्या गेलेल्या वडिलांना अर्पण करतो.