समुद्राच्या पोटातली धग

आमच्या नंदुरबारला समुद्र नाही. नर्मदा आणि तापी जिल्ह्याचे पाणी खंबायतच्या आखातात नेऊन सोडतात, तेवढाच आमचा त्याच्याशी सोयरसंबंध. तरी डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ वादळ सुरतेच्या रोखाने निघाले, तेव्हा आमचाही जीव टांगणीला लागला. सुरत आम्हांला किती जवळ! आणि ते दिवस पथारीवर लाल मिरची वाळत पडण्याचे.

ओखीने केरळ-तामिळनाडूचे कितीतरी कोळी गिळले होते. ५ डिसेंबरला मुंबईच्या शाळा बंद राहिल्या. पण गुजरातच्या किनाऱ्यापाशी येईतो ते निव्वळ पावसाळी ढग होऊन विरले. उलट मे २०२१ मधले ‘तौक्ते’ त्याच समुद्रातून वर चढत गेले ते बळावतच. असे का व्हावे?

जुने दर्यावर्दी उत्तर आभाळात शोधीत. कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टनने १८४८ च्या सुमारास ‘सायक्लोन’ हा शब्द घडविला, तो सापाच्या वेटोळ्यावरून. त्याचे लक्ष वाऱ्यावर. नोव्हेंबर १८८८ मध्ये मांडवीहून मुंबईस निघालेली ‘वैतरणा’ आगबोट सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. तीत मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुले होती, असे सांगतात. मी स्वतः मॅट्रिकपाशीच थांबलेला मास्तर. मला त्या बोटीतली तीच मुले आठवत राहतात.

पुढे १९४८ साली पामेन या फिनलंडच्या शास्त्रज्ञाने दाखविले, की सुमारे सव्वीस-सत्तावीस अंशांहून थंड समुद्रावर असले वादळ जन्मतच नाही. कोमट पाण्याची वाफ वर जाते, तिचा पाऊस होताना कोंडलेली उष्णता सुटते, आणि तीच वादळाचे इंधन होते. मात्र नुसता वरचा थर तापून भागत नाही. दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगाचे घंगाळ आठवा. थंड पाण्यावर कढत पाणी अलगद ओतले, तर बोट भाजते. पण हात घालून ढवळले की सारे कोमट. वादळ समुद्राला असेच ढवळते. ऊन थर पातळ असला, तर खालचे गार पाणी वर येते आणि वादळ आपलीच चूल विझवून बसते. त्यातून ते एका जागी रेंगाळले, तर अधिकच लवकर. ऊन थर पन्नास-शंभर मीटर खोल असला, तर मात्र कितीही ढवळा, ऊनच पाणी वर येते. म्हणून १९७२ पासून शास्त्रज्ञ या खोलवरच्या उष्णतेचा हिशेब मांडू लागले.

ओखीला हिवाळ्यात गारठलेला उत्तरेचा समुद्र लागला. वरच्या उलटसुलट वाऱ्यांनीही त्याचे वेटोळे मोडले. तौक्तेच्या वाटेवर पावसाळ्यापूर्वीचा, तीस अंशांच्या घरात तापलेला समुद्र होता. १७ मेच्या रात्री ते दीव-उनाजवळ किनाऱ्यावर आदळले. त्याच दिवशी मुंबईपासून दूर, तेलविहिरींच्या परिसरात ‘पी-३०५’ ही बार्ज नांगर तुटून बुडाली. तिच्यावर अडीचशेहून अधिक माणसे होती. त्यांतली सत्तरावर गेली. वीजळीच्या मुलांना पुढे काय आहे हे सांगणारे कोणी नव्हते. पी-३०५ च्या वेळी वेधशाळेचे इशारे काही दिवस आधीच निघालेले होते.