चांदीचा एक रुपया, साल १९१८



निवृत्तीनंतर मी बडोद्याला एका कंपनीत काम करतो. तिथले माझे एक सहकारी मूळचे गढवालचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गेल्या धनत्रयोदशीला त्यांनी मिठाईच्या डब्याबरोबर एक लाल पुडी माझ्या हातात ठेवली. मला वाटलं, सराफाकडचं लक्ष्मी-गणपतीचं नाणं असेल, दिवाळीला देतात तसं. उघडली तर आत पंचम जॉर्जचा मुकुटधारी चेहरा, मागे साल १९१८. आपले जुने लोक ज्याला बंदा रुपया किंवा कलदार म्हणायचे, तो.

मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, ही घरातली वस्तू आहे. मला घेता येणार नाही."

"साहेब, आधी ऐकून तर घ्या," ते म्हणाले.

त्यांचे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढायला गेले ते परत आलेच नाहीत. त्यांच्या पगारातून घरी आलेले काही रुपये पणजीने कधी मोडले नाहीत. त्यातला हा शेवटचा. "मुलगा म्हणतो, सराफाला वजनावर देऊन टाका. तुम्ही इतिहास सांगता, म्हणून तुमच्याकडे आणला."

मित्रांनो, आता हा रुपया नीट बघू. वजन ११.६६ ग्रॅम, बरोबर एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी. तारखेखालच्या फुलात बारीक ठिपका आहे, म्हणजे मुंबईच्या टाकसाळीचा. ठिपका नसता तर कलकत्त्याचा. शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये होता. म्हणजे जिवाच्या जोखमीचे महिन्याला अकरा तोळे.

या युद्धात हिंदुस्थानातून १० लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली. त्यांचे पगार, धान्य, ताग, कापड, सगळ्याचे पैसे चुकवायला रुपये हवे होते. चांदी मात्र इतकी महागली, की १९१७ मध्ये रुपयातल्या धातूची किंमत रुपयापेक्षा वर गेली. सरकारने नाणी वितळवण्यावर बंदी घातली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला एक रुपयाची नोट काढली. पण लोकांचा कागदावर भरवसा नव्हता. १९१८ च्या वसंतात पश्चिम आघाडीवरून जर्मनांच्या मुसंडीच्या बातम्या आल्या, तशी मुंबईत नोटा देऊन चांदी मागणाऱ्यांची झुंबड उडाली. सरकारकडचे रुपये संपत आले. रुपया देता आला नसता, तर सरकारचा शब्द तिथेच बुडाला असता.

मदत आली ती अमेरिकेकडून. एप्रिल १९१८ मध्ये तिथे पिटमन कायदा झाला. तिजोरीतले सुमारे २६ कोटी चांदीचे डॉलर वितळवले गेले आणि ती चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली गेली. आपल्या टाकसाळींत तिचे रुपये पडले. माझ्या हातातल्या नाण्यात ती चांदी असेलही.

पुढे १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. आज आपण मुकाट्याने कागद घेतो, मोबाईलवरचा आकडाही घेतो. त्या पणजीला कागद नको होता. नवरा तर गेलाच होता, निदान त्याची कमाई तरी हाताला जड लागावी, एवढंच तिचं म्हणणं असणार.

मी रुपया घेतला, पण ठेव म्हणून. पुडीत पणजोबांचं नाव, गाव आणि मेसोपोटेमिया हा शब्द लिहिलेली चिठ्ठी ठेवली आहे. सुभेदारसाहेबांचा नातू आता चार वर्षांचा आहे. त्याला वाचता यायला लागलं, की पुडी त्याच्या हातात देईन.

तुमच्याही देवघरात असा एखादा रुपया असेल. तो तराजूत टाकण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढं विचारा, हा कुणी कमावला?

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.