पाव, विटाळ आणि वजनकाटा

१३ एप्रिलच्या रात्री बारा वाजता नागपुरात संविधान चौकापासून इंदोऱ्याच्या गल्ल्यांपर्यंत केक कापले जातात. आणि दरवर्षी आपल्यातलाच कुणीतरी कार्यकर्ता म्हणतो, "केक ही काही आपली संस्कृती नाही." दिखाऊपणाला आणि वायफळ खर्चाला विरोध असेल तर तो मला मान्य आहे, त्यावर वेगळं बोलता येईल. पण "आपली संस्कृती नाही" हे वाक्य मात्र मला खटकतं. भट्टीत भाजलेल्या पिठाला परकं आणि बाटगं ठरवण्याचं काम या महाराष्ट्रात कोणी केलं आणि कशासाठी केलं, हा इतिहास आपल्या तरुणांना माहीत असायला हवा.

पाव पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आणि वसईत आला. पाद्र्यांनी विहिरीत पावाचा तुकडा टाकला, गावाने ते पाणी प्यायलं आणि अख्खं गाव बाटलं, ही गोष्ट कोकणात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. ती खरी की खोटी हे बाजूला ठेवू. आधी त्या पावात काय होतं ते पाहू. आजचा बेकरीवाला सगळं माप पिठाच्या वजनावर धरतो. पीठ एक किलो असेल तर पाणी ६०० ते ६५० ग्रॅम, मीठ २० ग्रॅमच्या आसपास, कोरडं यीस्ट साधारण १० ग्रॅम. गोव्यात यीस्टच्या जागी माडाची सुर असायची. बस, एवढंच. या चार जिनसांपैकी माणसाचा धर्म बदलण्याची ताकद कशात आहे? पाणी पिणारे लोक पावामुळे बाहेर गेले नाहीत. ज्यांनी ते पाणी प्यायलं नव्हतं त्यांनी पिणाऱ्यांना पुन्हा घरात घेतलं नाही, म्हणून ते बाहेर गेले. बहिष्कार जातीने टाकला आणि नाव मात्र पावाचं झालं.

१८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मोडणं हा तिचा उद्देश. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं, अशी परीक्षा असे. त्या काळात हे धाडसच होतं, ते नाकारायचं कारण नाही. पण हे सगळं चालायचं गुप्तपणे. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली, नावं फुटण्याची भीती पसरली आणि सभा मोडली. पाव गिळायला जमलं, पण तो गिळला हे सांगायला जमलं नाही. याच्या शेजारी जोतिराव फुल्यांना उभं करा. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, भर पुण्यात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. समाजसुधारणेच्या इतिहासात हे दोन प्रवाह एकाच ओळीत बसवले जातात, ते मला कधीच पटलेलं नाही.

१८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा प्रसंग घडला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी तिथे गेलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. त्यात न्या. रानडे होते, टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं झाली. एक कप चहा आणि बिस्किट! हायकोर्टाच्या न्यायाधीशापदी पोहोचणारा माणूससुद्धा जिथे बिस्किटापुढे वाकतो, तिथे आपल्या पणजोबांची गत काय असेल याचा विचार करा. पुढे दिल्लीत 'हिंदू बिस्किट कंपनी' या नावाचा कारखानाच निघाला. तिथली बिस्किटं उच्चवर्णीयांच्या हातची असतात, अशी तिची जाहिरात होती. म्हणजे बिस्किट पचनी पडलं, पण ते बनवणाऱ्याच्या जातीचा दाखला लागलाच.

सोवळं म्हणजे पूर्वीची स्वच्छताच होती, जुन्या लोकांचं ते आरोग्यशास्त्रच होतं, हा युक्तिवाद आता आपली शिकलेली मुलंही ऐकून गप्प बसतात. त्यांनी महाडकडे बघावं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेच्या मांडवावर हल्ला झाला आणि जेवण मातीत मिसळलं. मग तळं 'शुद्ध' करायचं ठरलं. कशाने? शेण, गोमूत्र, दूध आणि दह्याच्या १०८ घागरी त्या पाण्यात ओतून! पिण्याच्या पाण्यात शेण कालवलं आणि ते शुद्ध झालं. आरोग्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा, तो काय म्हणेल. विटाळ आणि घाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इतकंच नव्हे तर विटाळाचं शास्त्र घाणीला पवित्र ठरवू शकतं, याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर मनुस्मृतीचा दहावा अध्याय शूद्राला उष्टं अन्न आणि धान्यातलं पोचट दाणं द्यायला सांगतो आणि चांडाळाला फुटक्या भांड्यात जेवायला लावतो. गावकीत महाराच्या वाट्याला शिळी भाकर आणि मेलेलं जनावर आलं. आजारी पडून मेलेल्या जनावराचं मांस हे कुठल्याही अन्नसुरक्षेच्या नियमात सगळ्यात आधी फेकलं जाईल. म्हणजे स्वच्छतेचा मक्ता ज्यांच्याकडे होता त्यांनी धोक्याचं अन्न आपल्याकडे ढकललं आणि ते खाल्लं म्हणून आपल्यालाच अस्वच्छ म्हटलं. महाडच्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस आणि उष्टं सोडायला सांगितलं. ती केवळ स्वाभिमानाची हाक नव्हती, तो आरोग्याचाही निर्णय होता.

खरी अन्नसुरक्षा सरळ आहे. शिजवलेलं अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात फार वेळ ठेवायचं नाही, कारण जंतू तिथेच झपाट्याने वाढतात. नागपूरच्या मे महिन्यात तर खोलीचं तापमानच चाळिशीच्या पुढे असतं, म्हणून क्रीमचा केक फ्रीजबाहेर तासन् तास ठेवणं धोक्याचं. कच्च्या अंड्याला लावलेला हात साबणाने धुतल्याशिवाय दुसरीकडे लावायचा नाही. हाताला जखम असेल तर पीठ मळायचं नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालचे नियम अन्न हाताळणाऱ्याची वैद्यकीय तपासणी मागतात, त्याची जात विचारत नाहीत. आणि तरी २०१७ मध्ये पुण्यात हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी, स्वयंपाकीणबाईंनी जात लपवून आपलं सोवळं मोडलं, अशी पोलिसांत तक्रार दिली होती. निषेध झाल्यावर ती मागे घेतली गेली. थर्मामीटर वाचता येणाऱ्या माणसाचीही ही गत.

आता नागपूरची गोष्ट. इथल्या बाया उलट्या मडक्यावर रोटी भाजतात. कुणी तिला लंबी रोटी म्हणतं, कुणी मटका रोटी, कुणी मांडे. सावजी मटणाबरोबर ती हवीच. हे कसब मुख्यतः दलित बायांनी जपलं आहे. लोकवन गव्हाचं पीठ बारीक चाळायचं, मीठ-पाणी घालून इतकं सैल भिजवायचं की लाटणं लावताच येणार नाही, मग आपटून आपटून मळायचं आणि झाकून ठेवायचं. हॉटेल मॅनेजमेंटच्या वर्गात शिकवतात की गव्हातली दोन प्रथिनं पाण्यात भिजून ग्लुटेनची जाळी बनते, आणि पिठाचा तुकडा ताणून त्यातून उजेड दिसला की मळणं पुरं झालं. ही परीक्षा आमची मावशी प्रत्येक रोटीला देते! गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत ताणते आणि कागदासारखा पापुद्रा तापलेल्या मडक्यावर टाकते. पाणी कमी पडलं तर तो फाटतो, जास्त झालं तर हातातून ओघळतो. तिच्याकडे वजनकाटा नाही, पण तिचं माप चुकत नाही. फ्रेंच बेकरला 'शेफ' म्हणतात आणि हिला 'रोटीवाली'. हा फरक पिठाने ठरवलेला नाही.

इथे एक आक्षेप मीच घेतो. सगळ्यांनी एकमेकांच्या हातचं खाल्लं म्हणजे जात गेली का? नाही. 'जातिभेद निर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी सहभोजनाची मर्यादा स्पष्ट दाखवली आहे. जातीचं मूळ शास्त्रांच्या पावित्र्यावरच्या श्रद्धेत आहे, ताटात नाही. सावजी ढाब्यावर शेजारी बसून तीच रोटी खाणारे लोक घरी जाऊन स्वयंपाकाच्या बाईचं आडनाव विचारतातच. म्हणून मला सहभोजनापेक्षा गंगाराम कांबळेंचं हॉटेल महत्त्वाचं वाटतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात या महार माणसाला चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे थांबून चहा प्यायले. तिथे गल्ला कांबळेंचा होता. हेच महाराज १९२० च्या मे महिन्यात नागपूरला बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते. पुढे संविधानाच्या कलम १५ ने दुकानं आणि उपाहारगृहं सर्वांना खुली केली. आत जाण्याचा हक्क तिथे मिळाला, गल्ल्यामागे बसण्याचा रस्ता आपल्यालाच काढायचा आहे.

उत्तर नागपुरातली आमच्या ओळखीची एक मुलगी घरी केक करते. एका गिऱ्हाइकाने फोनवर आधी डिझाइन ठरवलं, मग आडनाव विचारलं आणि मग ऑर्डर रद्द केली. ती आठवडाभर कुणाशी बोलली नाही. नंतर तिने अन्न नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून दाराशी लावलं आणि त्याखाली मोठ्या अक्षरात आपलं पूर्ण नाव, आडनावासकट. या १३ एप्रिलला आमच्या वस्तीने पाच किलोचा केक तिच्याचकडून घेतला. वजन तिने काट्यावर सगळ्यांसमोर करून दाखवलं, पाच किलो चाळीस ग्रॅम. शेजारी चूल मांडून मावशीने मडकं उलटं ठेवलं होतं, आणि सावजी रश्शासाठी लागलेली रांग केकच्या रांगेपेक्षा मोठी होती.

जयभीम.