‘ना नफा’ संस्थांचे अर्थशास्त्र

बाजारपेठ नफ्यावर चालते, तर सरकार करांवर. मग या दोहोंत न मोडणारी धर्मादाय रुग्णालये, वृद्धाश्रम आणि रक्तपेढ्या का उभ्या राहतात? ‘परोपकार’ एवढ्या उत्तरावर अर्थशास्त्राचे समाधान होत नाही. या शास्त्राने त्याची तीन प्रमुख कारणे सांगितली आहेत.

सरकारची मर्यादा : सरकार साधारणतः मध्यम मतदाराच्या गरजेइतकीच सार्वजनिक सेवा पुरवते. ज्यांची गरज त्याहून अधिक वा वेगळी असते, ते देणग्या गोळा करून संस्था उभारतात, अशी मांडणी अमेरिकी अर्थतज्ज्ञ बर्टन वाइसब्रॉड यांनी १९७५ मध्ये केली.

विश्वासाची गरज : वृद्धाश्रमाचे पैसे परगावी राहणारा मुलगा भरतो, सेवा मात्र आईला मिळते. तिचा दर्जा त्याला पारखता येत नाही. अशा व्यवहारात नफेखोरीला वाव असतो. हेन्री हॅन्समन यांनी १९८० मध्ये दाखवून दिले, की नफा वाटून घेण्यास असलेली मनाई हीच येथे ग्राहकाची हमी ठरते. अशा संस्थेकडे शिल्लक राहू शकते. ती चालकांना वाटून घेता येत नाही, इतकेच.

देण्याचे समाधान : ‘इतर देतील, आपण कशाला?’ असा हिशेब प्रत्येकाने केला असता, तर देणग्या आटल्या असत्या. तसे घडत नाही, कारण देण्यातच समाधान असते, असे जेम्स अँड्रिओनी यांनी १९९० मध्ये मांडले.

या क्षेत्राच्या उणिवाही आहेत. अपुरा निधी, ठरावीक गटांनाच मदत, देणगीदारांचे वर्चस्व आणि हौशी कारभार या चार दोषांवर लेस्टर सॅलॅमन यांनी १९८७ मध्ये बोट ठेवले. म्हणूनच सरकारी साह्य आणि देखरेख आवश्यक ठरते.

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांचे नियमन १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय आयुक्त करतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, तर १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे बंधनकारक आहे.

मात्र, अवाजवी वेतन, चढे भाडे किंवा नातलगांना दिलेली कंत्राटे या वाटांनी नफा छुप्या रीतीने वाटला जाऊ शकतो. तसे झाल्यास करसवलतीचा भार समाज उचलतो, लाभ मात्र मूठभरांना मिळतो. त्यामुळे संस्थेच्या नावापेक्षा तिचे हिशेब तपासणे अधिक महत्त्वाचे.