पन्नास शब्दांची परीक्षा

ज्या देशात जाऊन राहायचं त्या देशाची भाषा शिकायला हवी, या म्हणण्याला परदेशातल्या मराठी बैठकीत सहसा कुणी विरोध करत नाही. उलट आपण जरा ताठ होऊन बसतो. आपल्याला इंग्रजी येतं, मुलांना आपल्यापेक्षा बरं येतं, आणि वीस वर्षं राहूनही ज्यांना धड चार वाक्यं बोलता येत नाहीत ते लोक नेहमी दुसऱ्याच कुठल्यातरी देशातून आलेले असतात. मलाही हे म्हणणं चूक वाटत नाही. पण मी मेलबर्नमध्ये स्थलांतराच्या इतिहासावर काम करते, आणि भाषेची अट कायद्यात कशी शिरली याची कागदपत्रं वाचली की एक प्रश्न काही केल्या सुटत नाही. अट घालणाऱ्याला समोरच्याला भाषा यायला हवी होती का?

गोष्ट सुरू होते मुंबईहून निघालेल्या दोन जहाजांपासून. १८९६च्या डिसेंबरात 'कूरलँड' आणि 'नादेरी' डर्बनच्या बंदराबाहेर येऊन थांबली. मुंबईत प्लेग होता, त्यामुळे जहाजं अडवायला कारण तयारच होतं. पण खरी अडचण किनाऱ्यावर जमलेल्या गोऱ्या रहिवाशांची होती. त्यांना हे हिंदी प्रवासी उतरायलाच नको होते. 'कूरलँड'वर गांधी होते, सोबत कस्तुरबा आणि मुलं. १३ जानेवारी १८९७ला गांधी उतरले तेव्हा जमावानं त्यांना रस्त्यात गाठून मारलं, हा प्रसंग आपल्याला माहीत असतो. त्यानंतर काय झालं ते तितकंसं माहीत नसतं. त्या दिवशी जमावाची समजूत काढणारे हॅरी एस्कोम्ब पुढच्याच महिन्यात नाताळ वसाहतीचे पंतप्रधान झाले, आणि त्याच वर्षी नाताळनं स्थलांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला.

त्या कायद्यात 'हिंदी माणूस नको' असं कुठेही लिहिलेलं नाही. लिहिताही आलं नसतं, कारण हिंदी लोक राणीचे प्रजाजन होते आणि १८५८च्या जाहीरनाम्यात सर्व प्रजेला समान वागणुकीचं आश्वासन दिलेलं होतं. म्हणून अट घातली भाषेची. येणाऱ्यानं ठरावीक नमुन्यातला अर्ज कोणत्यातरी युरोपीय भाषेच्या लिपीत स्वतः लिहायचा. आता विचार करा, तीन पिढ्यांचा हिशेब गुजराती वहीत चोख ठेवणारा व्यापारी किंवा सरसर मोडी लिहिणारा आपल्याकडचा कारकून या कायद्याच्या लेखी निरक्षर ठरला. दुसरीकडे सरकारी योजनेतून येणाऱ्या गिरमिटियांना ही अट नव्हती. उसाच्या मळ्यात राबायला भाषा लागत नाही. दुकान टाकून गोऱ्या दुकानदाराशी स्पर्धा करायची असेल तरच ती लागते!

लंडनमध्ये वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांना ही युक्ती पसंत पडली. १८९७च्या उन्हाळ्यात वसाहतींचे पंतप्रधान तिथे जमले असताना त्यांनी सुचवलं, की वंशाचं आणि रंगाचं नाव घेऊ नका, नाताळसारखी शब्दरचना करा. ऑस्ट्रेलियातल्या वसाहती एकत्र येऊन राष्ट्र झालं ते १९०१मध्ये, आणि त्या संसदेच्या पहिल्या काही कायद्यांतला एक म्हणजे स्थलांतर निर्बंध कायदा. ज्याला आपण 'गोऱ्या ऑस्ट्रेलियाचं धोरण' म्हणतो त्याचा हा पाया, आणि त्यात 'गोरा' हा शब्द नाही.

नाताळची कल्पना इथे जरा सुधारून घेतली. अर्ज लिहायच्या ऐवजी श्रुतलेखन आलं. अधिकारी ५० शब्दांचा परिच्छेद वाचणार, प्रवाशानं तो लिहायचा. भाषा कोणती? कोणतीही युरोपीय, आणि ती निवडणार अधिकारी. माणूस मुंबई विद्यापीठाचा पदवीधर असेल, इंग्रजीत पटापट उत्तरं देत असेल, तर त्याला फ्रेंच किंवा जर्मन परिच्छेद ऐकवायला कायद्याची काहीच हरकत नव्हती. 'युरोपीय' या शब्दावर जपाननं आक्षेप घेतला, म्हणून १९०५मध्ये तो काढून 'विहित भाषा' असं केलं गेलं. एकही आशियाई भाषा कधी विहित झाली नाही.

आकडे बघितले की हेतूबद्दल शंका उरत नाही. १९०२ आणि १९०३ या दोन वर्षांत ८०५ जणांना ही परीक्षा द्यावी लागली, त्यातले ४६ पास झाले. पुढे १९०९पर्यंत ५५४ जणांत ६. त्यानंतर कुणीही पास झालं नाही. परीक्षा मात्र पुढची जवळपास पन्नास वर्षं कायद्यात होती.

हिच्या नादात सरकारचं हसंही झालं. १९३४मध्ये प्राग शहरातला डावा पत्रकार एगॉन किश युद्धविरोधी परिषदेसाठी आला. त्याला उतरू देईनात, तेव्हा त्यानं मेलबर्नच्या धक्क्यावर जहाजातून उडी मारली आणि पाय मोडून घेतला. गृहस्थाला बऱ्याच युरोपीय भाषा येत होत्या, म्हणून सिडनीत त्याला स्कॉटिश गेलिकमध्ये श्रुतलेखन घातलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. कायद्याला अभिप्रेत असलेली 'युरोपीय भाषा' ही नव्हे, असा निकाल लागला आणि स्कॉटिश वंशाचे ऑस्ट्रेलियन लोक न्यायाधीशांवर रागावले. दोनच वर्षांनी मेबल फ्रीअर या हिंदुस्थानात जन्मलेल्या गोऱ्या ब्रिटिश स्त्रीला इटालियनमधून परीक्षा दिली गेली, कारण एका विवाहित लष्करी अधिकाऱ्याशी तिचे संबंध होते. भाषेची परीक्षा एकदा दारावर बसवली की ती रंगाला लावता येते, राजकीय मतांना लावता येते आणि चारित्र्यालाही. फक्त भाषेला लागत नाही.

मला मात्र या विनोदी खटल्यांपेक्षा एक साधा छापील फॉर्म जास्त अस्वस्थ करतो. कायद्याच्या आधीपासून इथे राहणारे चिनी माळी, पंजाबी फेरीवाले मायदेशी जाऊन परत यायचे झाले, तर जाण्यापूर्वी श्रुतलेखनातून सूट मिळाल्याचा दाखला घ्यायचे. दाखल्यावर समोरून एक फोटो, बाजूनं एक फोटो, आणि मागे हाताचा ठसा. असे हजारो दाखले राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वीस-वीस वर्षं ग्राहकांशी इंग्रजीतच घासाघीस केलेली ही माणसं. त्यांना किती भाषा येते हे त्यांच्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं, सरकारनं मागितला तो पंजाचा ठसा.

याच काळातली एक मराठी नोंद इथे सांगायलाच हवी. गोपाळ कृष्ण गोखले १९१२मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले. नाताळसाठी गिरमिटिया मजुरांची भरती थांबवावी म्हणून कायदेमंडळात त्यांनी ठराव आणला होता, आणि त्यांच्या इंग्रजीला तर व्हाइसरॉयसुद्धा वचकून असत. जोहान्सबर्गमध्ये कोकणी मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रीय हिंदू होते, त्यांना गोखल्यांना मराठीतून ऐकायचं होतं. गांधींनी लिहून ठेवलंय, की आपण गोखल्यांना मराठीत बोलायची विनंती केली, स्वतः हिंदुस्तानीत भाषांतर केलं, आणि मग परतीच्या वाटेवर झांझिबारपर्यंत हाच क्रम चालला. गांधींच्या मराठीबद्दल गोखल्यांना जरा धाकधूक होती म्हणे.

आता दुसरी बाजू, कारण ऑस्ट्रेलियानं भाषा खरोखर शिकवलीही. महायुद्धानंतर कारखान्यांना माणसं हवी होती. पोलंड, लॅटव्हिया, युक्रेनमधले निर्वासित आणले गेले, त्यातल्या पुष्कळांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. १९४८पासून सरकारनं प्रौढ स्थलांतरितांसाठी इंग्रजीचे वर्ग काढले. जहाजावर वर्ग, बोनेगिलाच्या छावणीत वर्ग, कारखान्याची पाळी संपल्यावर रात्रीचे वर्ग, टपालानं धडे, रेडिओवर धडे. त्यामागे 'आमच्यासारखे व्हा' हा आग्रह होता, आणि घरी मुलांपाशी अडकलेल्या बायका या वर्गांतून सुटल्या, हे खरंच आहे. तरी काम मोठं झालं.

तारखा मात्र शेजारी ठेवून बघा. श्रुतलेखन परीक्षा रद्द झाली १९५८च्या कायद्यानं. म्हणजे तब्बल दहा वर्षं दोन्ही गोष्टी एकाच सरकारच्या एकाच धोरणात नांदत होत्या. इंग्रजी अजिबात न येणाऱ्या लॅटव्हियन माणसाला जहाजावरच मास्तर मिळत होता, आणि इंग्रजीत पदवी घेतलेल्या पुण्याच्या माणसासाठी दारावर न सुटणारी परीक्षा कायम होती. भाषा ही ज्याला घ्यायचंय त्याच्यासाठी शिकायची वस्तू होती, नको त्याच्यासाठी सबब. म्हणून आज कुठेही भाषेची नवी अट आली की मी आधी विचारते: वर्ग कुठे आहे, किती वाजता आहे, फी कोण भरणार? २०१७मध्ये इथल्या सरकारनं नागरिकत्वासाठी जवळजवळ विद्यापीठात प्रवेश मिळेल इतक्या इंग्रजीची अट घालायचा घाट घातला होता, तो सिनेटमध्ये अडला. आपल्यातल्या बऱ्याच जणांना त्या अटीत वावगं काही दिसलं नव्हतं. आपण ती सहज ओलांडली असती ना! पण आपलं इंग्रजी आपण या देशासाठी शिकलेलो नाही, ते आपल्याला मेकॉलेच्या कृपेनं आधीच मिळालेलं होतं. (आणि तरीही इंग्रजीत प्रबंध लिहून झाल्यावर एका अर्जासाठी मला पुन्हा परीक्षा द्यावी लागली, कारण आधीचा निकाल तीन वर्षांत शिळा होतो.)

हाच प्रश्न महाराष्ट्रालाही विचारावा लागतो. रिक्षाच्या परवान्यासाठी मराठीची अट २०१६मध्ये घातली गेली आणि पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं ती बेकायदा ठरवली. मुंबईत रिक्षा चालवणाऱ्याला मराठी यावी असं मलाही मनापासून वाटतं. पण बिहारहून आलेल्या माणसाला रात्री नऊनंतर मराठी शिकवणारा सरकारी वर्ग त्या अटीसोबत आला नव्हता, आला होता तो अधिकाऱ्यासमोर मराठी वाचून दाखवण्याचा प्रसंग. मेलबर्नच्या अभिलेखागारात बसून हे वाचताना ओळखीचं वाटतं, इतकंच.

१९४८चे ते वर्ग अजून चालू आहेत. मधली काही वर्षं प्रत्येकाला ५१० तास मोजून मिळत, २०२१मध्ये ती मर्यादा काढली. मुलांना सांभाळायची सोयही आता असते. व्हिजिटर व्हिसावर सहा-सहा महिने नातवंडांसाठी येणाऱ्या आपल्या आयांना मात्र हे वर्ग खुले नाहीत. दवाखान्यात सून सोबत नसेल तर पोट दुखतंय की छाती, हे खुणेनं सांगायची वेळ त्यांच्यावर येते. त्यांच्यासाठी उरतो तो नगरपालिकेच्या वाचनालयातला इंग्रजी गप्पांचा तास. आमच्या उपनगरात तो बुधवारी सकाळी असतो, फी नाही, नाव नोंदवावं लागत नाही. गेल्या हिवाळ्यात तिथे चार मराठी आज्या येत होत्या, दोघी नागपूरच्या, एक साताऱ्याच्या, एक डोंबिवलीच्या, आणि शेजारी बसायला एक व्हिएतनामी आजोबा.