साथीच्या काळात मुलांचे मानसिक संकट : तातडीची मदत कशी मिळते?

मार्च २०२० पासून शाळा बंद होत्या. त्यातच २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. कोरोना आणि दरड, दोन्ही धक्के मुलांनी एकदमच सोसले.

अशा वेळी झोप न लागणे, अंथरूण ओले करणे, आईला न सोडणे हे बहुतेक मुलांमध्ये काही आठवड्यांत कमी होते. मात्र मूल मरणाची भाषा करू लागले, स्वतःला इजा करू लागले किंवा त्याने खाणे-बोलणे सोडले, तर ती तातडीची बाब आहे.

मानसोपचारतज्ज्ञ जवळ नाही म्हणून थांबू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९४ नुसार जिवाला धोका असल्यास कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. म्हणजे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातूनही सुरुवात होऊ शकते.

रुग्णवाहिकेसाठी १०८, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली टेलि-मानस सेवा १४४१६ हे क्रमांक घरात लिहून ठेवावेत. मदत येईपर्यंत मुलाला एकटे सोडू नये. कीटकनाशके व औषधे कुलपात ठेवावीत.