नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा

महाराष्ट्रातील छोट्या शहराच्या कारभाराची ही मुख्य बैठक. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 नुसार ती दोन महिन्यांतून एकदा तरी व्हावी लागते. अध्यक्षस्थानी नगराध्यक्ष असतात; प्रशासनाची बाजू मुख्याधिकारी मांडतात. सभेची नोटीस विषयपत्रिकेसह सात पूर्ण दिवस आधी नगरसेवकांना पोहोचवायची असते.

सुरुवात मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याने होते. मग गटार दुरुस्ती, जलवाहिनी, आठवडे बाजाराच्या वसुलीचा ठेका, निविदांचे दर असे विषय येतात. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे नोंदली जातात. विरोध नसेल तर ‘सर्वानुमते मंजूर’ एवढा शेरा पुरतो, आणि बरेच विषय असेच मिनिटभरात निघतात. खरी खडाजंगी होते ती शेवटी, ‘आयत्या वेळचे विषय’ पुकारले की. पूर्वसूचनेशिवाय आलेले हे विषय सभासदांना आधी अभ्यासता येत नाहीत. त्यामुळे पारदर्शकतेच्या दृष्टीने ही प्रथा सदोषच म्हणावी लागेल.

मंजूर ठरावही अंतिम नसतो. तो बेकायदेशीर वाटल्यास अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी तहकूब करू शकतात.